घर की कचेरी, हे ठरवायचे कोणी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी नोकरांनी घरी बसून काम करावे की कचेरीत येऊन, या वादात आपण कशाला शिरावे? रोजगार हमीच्या मजुरीसाठी ज्यांना महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात, ज्यांचे काम उन्हातान्हात किंवा यंत्रापुढे उभे राहून करावे लागते, अशा माणसांत वावरणारे आपण कार्यकर्ते. पांढरपेशा बाबू घरच्या खुर्चीत बसला काय आणि सरकारी खुर्चीत बसला काय, श्रमिकांच्या चळवळीला त्याचे सोयरसुतक कशाला, असा प्रश्न मला विचारण्यात आला. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळण्याची माझी इच्छा नाही. तथापि उत्तर देण्यापूर्वी तेथे काय घडले ते क्रमाने सांगतो. घटना नीट समजली की उत्तर आपोआप पुढे येईल.

३ मार्च २०२५ रोजी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी एक आदेश काढला. आपल्याकडच्या राज्यपालासारखे गव्हर्नर हे तेथे शोभेचे पद नव्हे. तो जनतेने निवडून दिलेला राज्याचा प्रत्यक्ष कारभारी असतो. अधिकार पाहता आपल्या मुख्यमंत्र्याला तो जवळचा. आदेश असा की १ जुलै २०२५ पासून राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी आठवड्यातून किमान ४ दिवस कचेरीत हजर राहून काम करावे. त्यापूर्वी एप्रिल २०२४ मध्ये सरकारने २ दिवसांच्या हजेरीचे फर्मान काढले होते आणि १७ जून २०२४ पासून ते लागू झाले होते. त्याला वर्षही पुरे व्हायच्या आत २ चे ४ झाले. राज्याचे पूर्ण वेळ कर्मचारी सुमारे २ लाख २४ हजार. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आधीपासूनच रोज कामाच्या जागी हजर राहत होते, हे सरकारनेच सांगितले आहे. महामार्गावरील पोलीस, रुग्णालयातील परिचारिका, इमारती झाडणारे सफाई कामगार यांना घरून काम करण्याची मुभा महामारीच्या काळातही नव्हती. हा आकडा आपण ध्यानात ठेवावा. पुढे त्याच्याकडे मला परत यायचे आहे.

घरून काम ही महामारीने जन्माला घातलेली चैन आहे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. १९७३ साली, तेलटंचाईच्या त्या दिवसांत, जॅक निलेस या संशोधकाने लॉस एंजेलिसमध्ये एक साधा विचार मांडला. लाखो माणसे रोज सकाळी आपापल्या मोटारीत एकेकटी बसून शहराच्या मध्याकडे जातात आणि संध्याकाळी परततात. माणसाला कामाकडे नेण्याऐवजी काम तारेवरून माणसाकडे नेले तर तेल, वेळ आणि हवा या तिन्हींची बचत होईल. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया सरकारने स्वतःच्या काही खात्यांत याचा प्रयोग केला आणि १९९० साली विधिमंडळाने त्यासाठी कायदा केला. रस्त्यांवरील गर्दी आणि हवेचे प्रदूषण कमी करण्याचे हे एक महत्त्वाचे साधन आहे, असे त्या कायद्यातच नमूद केले आहे. म्हणजे ज्या धोरणाचा गळा २०२५ मध्ये आवळण्यात आला, ते राज्याचे स्वतःचे, विधिमंडळाने विचारपूर्वक स्वीकारलेले, पस्तीस वर्षांचे धोरण होते.

१९ मार्च २०२० रोजी याच गव्हर्नरांनी राज्यातील सर्वांना घरी राहण्याचा आदेश दिला. अमेरिकेत सबंध राज्यभर असा आदेश देणारे कॅलिफोर्निया हे पहिले राज्य. त्यानंतर कागदावरची योजना एका रात्रीत प्रत्यक्षात आली. लाखभर कारकून, हिशेबनीस, अभियंते, शास्त्रज्ञ, परवाने देणारे आणि अर्ज तपासणारे लोक घरातल्या जेवणाच्या टेबलावर बसून राज्यकारभार चालवू लागले. २०२१ मध्ये सरकारने त्यासाठी रीतसर धोरण जाहीर केले. संघटनांशी करार होऊन मुख्यतः घरून काम करणाऱ्यांना वीज आणि इंटरनेट यांच्या खर्चापोटी महिन्याला ५० डॉलरचा भत्ताही ठरला. माणसांनी त्या भरवशावर आपली आयुष्ये बेतली. राजधानी सॅक्रामेंटोत घरभाडे परवडत नाही म्हणून कोणी दूरच्या गावी राहायला गेले, कोणी म्हाताऱ्या आईवडिलांना आपल्याकडे आणले, कोणी मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा खर्च वाचवून कर्ज फेडू लागले. सरकारी धोरणावर विश्वास ठेवून संसाराची घडी बसवणे हा काही गुन्हा नव्हे. आदेशाने ती घडी चार महिन्यांच्या मुदतीत मोडा म्हणून सांगितले.

आता सरकारची कारणे पाहू. समोरासमोर बसल्याने सहकार्य वाढते, नव्या माणसाला जुन्या माणसाकडून शिकता येते, कामावर देखरेख राहते आणि जनतेला जाब देण्याची जबाबदारी बळकट होते, असे सांगण्यात आले. यातले काहीही हास्यास्पद नाही. कचेरीत नवा लागलेला मुलगा शेजारच्या टेबलावरील अनुभवी माणसाचे टिपण पाहून जे शिकतो, ते पडद्यावर शिकत नाही, हे कोणीही मान्य करील. प्रश्न इतकाच की त्यासाठी २ दिवस पुरे नव्हते, ४ च हवेत, हे कशावरून ठरले? कोणत्या खात्याला किती हजेरीची गरज आहे याची पाहणी झाली होती काय?

याचे उत्तर राज्याच्या लेखापरीक्षकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये दिले. कोणत्या खात्याला किती जागा लागेल आणि तिचा खर्च किती येईल, ही मूलभूत माहिती आदेश काढण्यापूर्वी गव्हर्नरांच्या कार्यालयाने गोळा केलेली नव्हती, असे त्यांच्या अहवालात म्हटले आहे. इतकेच नव्हे, तर कर्मचाऱ्यांना आठवड्यातून ३ किंवा अधिक दिवस घरून काम करू दिले आणि त्यामुळे रिकाम्या होणाऱ्या जागा सोडल्या तर राज्याचे वर्षाला २२ कोटी ५० लाख डॉलरपर्यंत वाचू शकतात, असा हिशेब त्यांनी मांडला. सुमारे १२ अब्ज डॉलरची तूट दाखवून जे सरकार त्या वर्षी कर्मचाऱ्यांपुढे काटकसरीची भाषा बोलत होते, तेच सरकार रिकाम्या मजल्यांचे भाडे भरण्यासाठी माणसांना बोलावत होते. खासगी दुकानदारदेखील इतका बेहिशेबी कारभार करणार नाही.

अभ्यासाचा पुरावाही उपलब्ध होता. कॅलिफोर्नियातीलच स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी चीनमधील एका मोठ्या प्रवासी कंपनीच्या १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काहींना आठवड्यातून २ दिवस घरून काम करू दिले, काहींना रोज कचेरीत बोलावले. दोन्ही गटांच्या कामाच्या प्रतीत आणि बढत्यांत फरक पडला नाही. मात्र २ दिवस घरी राहणाऱ्यांत नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. या प्रयोगाचा अर्थ ताणू नये. माणसाने कायमचे घरी बसावे असे त्यातून सिद्ध होत नाही. घर आणि कचेरी यांचा मेळ घालता येतो आणि त्यात मालकाचे नुकसान नसते, एवढे मात्र निश्चित सिद्ध होते.

मग आदेश का निघाला? कोणाच्या मनात शिरून मला पाहता येत नाही. परंतु त्या वेळची हवा आपण पाहू शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये एलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी या दोन धनिकांनी वृत्तपत्रात उघड लिहिले की केंद्र सरकारच्या नोकरांना पाचही दिवस कचेरीत बोलावले तर पुष्कळ जण आपण होऊन नोकरी सोडतील आणि तसे झाल्यास आम्हाला ते हवेच आहे. हजेरीच्या सक्तीमागे नोकरकपात कशी दडलेली असू शकते याची इतकी स्वच्छ कबुली क्वचितच मिळते. २० जानेवारी २०२५ रोजी, अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतल्याच्या दिवशीच, डोनाल्ड ट्रंप यांनी केंद्रीय नोकरांना कचेरीत परत बोलावण्याचा हुकूम काढला. सहा आठवड्यांनी न्यूसम यांचा आदेश आला. न्यूसम हे ट्रंप यांचे कडवे विरोधक म्हणून ओळखले जातात. त्यांच्या आदेशातच, ट्रंप यांच्या राजवटीने काढून टाकलेल्या केंद्रीय नोकरांना राज्याच्या सेवेत घेण्याची प्रक्रिया सुलभ करण्याची सूचना आहे. ही सूचना स्वागतार्ह आहे. परंतु एका हाताने हाकललेल्यांना बोलवायचे आणि दुसऱ्या हाताने आहेत त्यांच्यावर, ज्याने हाकलले त्याचेच हत्यार चालवायचे, याला काय म्हणावे? पक्ष कोणताही असो, मालकाच्या खुर्चीत बसला की माणूस मालकाच्या भाषेत बोलू लागतो. सरकार हा मालकदेखील याला अपवाद नसतो.

आणखी एक दडपण होते, ते सॅक्रामेंटोच्या मध्यवस्तीचे. तेथील उपाहारगृहे, कॉफीची दुकाने आणि वाहनतळ सरकारी नोकरांच्या गर्दीवर चालत आले. गर्दी आटली तसा धंदा आटला. जागामालक आणि व्यापारी नोकरांना परत बोलवा म्हणू लागले. इथे आपण सावध राहिले पाहिजे. उपाहारगृहात ताटे धुणारी बाई आणि खुर्च्या पुसणारा पोरगा हेही आपलेच लोक आहेत. त्यांचा रोजगार बुडाला तर त्याला क्षुल्लक मानण्याचा अधिकार आपल्याला नाही. तथापि त्यांच्या रोजगाराची जबाबदारी कारकुनाच्या खिशावर टाकायची हा कुठला न्याय? रोजचे पेट्रोल, वाहनतळाचे भाडे आणि दुपारचे महागडे जेवण यांच्या रूपाने कर्मचाऱ्याकडून गोळा केलेला हा एक न बसवलेला करच झाला. मध्यवस्ती जगवण्याचा दुसरा मार्गही होता. सरकारच्या वापरात नसलेल्या जमिनींवर परवडणारी घरे बांधावीत असा आदेश याच गव्हर्नरांनी जानेवारी २०१९ मध्ये काढला होता. तोच विचार रिकाम्या कचेऱ्यांपर्यंत नेला असता तर मध्यवस्तीत दिवसा येऊन संध्याकाळी निघून जाणारी गर्दी परत आणण्याऐवजी तेथे राहणारी माणसे आली असती. त्यांनी रात्रीही चहा प्यायला असता.

आता जनतेच्या बाजूने विचार करू. कर्मचारी संघटनांच्या सभेत हा भाग बहुधा वगळला जातो. सरकारी नोकर समोर असावा, भेटावा, त्याला प्रश्न विचारता यावा, हा नागरिकाचा हक्क आहे. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात बेकारांची संख्या एकदम वाढली, तेव्हा बेकारी भत्ता देणाऱ्या खात्याची पार दाणादाण उडाली. सुरुवातीच्या काळात त्या खात्याकडे येणाऱ्या दूरध्वनींपैकी १ टक्क्याहूनही कमी दूरध्वनींना उत्तर मिळत होते, असे लेखापरीक्षकांनी जानेवारी २०२१ मध्ये नोंदवले. ज्याच्या घरी चूल पेटत नाही अशा माणसाने शंभर वेळा फोन लावावा आणि पलीकडे कोणी उचलू नये, ही कल्पना करून पाहा. परंतु त्याच अहवालात दोष कोणावर ठेवला आहे? घरी बसलेल्या कारकुनावर नव्हे. आपल्या यंत्रणेतल्या उणिवा त्या खात्याला कित्येक वर्षे ठाऊक होत्या आणि त्या दूर केल्या गेल्या नव्हत्या. फोन न उचलला जाण्याचे कारण खुर्चीच्या जागेत नव्हते. वर्षानुवर्षांच्या हेळसांडीत होते.

महाराष्ट्रातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. तहसील कचेरीत सगळ्या खुर्च्या भरलेल्या असूनही दाखल्यासाठी सातवी खेप घालणारा शेतकरी आपण सर्वांनी पाहिला आहे. हजेरी म्हणजे काम नव्हे, हे त्याला कोणत्याही तज्ज्ञापेक्षा अधिक चांगले कळते. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने म्हणूनच मोजमाप बदलले. अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळाली पाहिजे, नाही मिळाली तर अपील करता येईल आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकेल. त्या कायद्याची अंमलबजावणी कितीही लंगडी असली तरी त्यामागचे तत्त्व सरळ आहे. नोकर किती वाजता आला यापेक्षा नागरिकाचे काम कधी झाले हे पाहा. घरून काम करणाऱ्या नोकरालाही हीच कसोटी लावा. ती लावली तर कामचुकाराला घरातही आसरा मिळणार नाही आणि प्रामाणिक माणसाला कचेरीत जाऊन आपला प्रामाणिकपणा सिद्ध करावा लागणार नाही. जेथे नागरिक समोर येतो त्या खिडकीवर माणूस हवाच, यात तडजोड नाही. पण ती खिडकी कोणती आणि मागची फायलींची खोली कोणती, हा फरक ३ मार्चच्या आदेशाने केला नाही. खात्यांना प्रकरणपरत्वे अपवाद करण्याची मुभा तेवढी ठेवली.

या ‘प्रकरणपरत्वे अपवाद’ शब्दांवर मला थोडे थांबायचे आहे. जी गोष्ट काल धोरण म्हणून सर्वांना लागू होती, ती आज वरिष्ठाच्या मर्जीवर आली. अपंग कर्मचाऱ्याने, तान्ह्या मुलाच्या आईने, आजारी नवऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या बाईने आता साहेबापुढे अर्ज घेऊन उभे राहायचे आणि आपल्या घरातली दुखणी त्याला उलगडून दाखवायची. हक्काचे मेहेरबानीत रूपांतर होते ते असे. मेहेरबानी आली की मुजरे आलेच. सरकारी नोकरीतील लाचारीविरुद्ध ज्यांना लढायचे आहे त्यांनी हा धोका ओळखला पाहिजे.

आणि आता तो कळीचा प्रश्न. कर्मचाऱ्यांना कोणी विचारले होते काय? १९७७ साली कॅलिफोर्नियात डिल्स कायदा झाला आणि राज्य सरकारच्या नोकरांना सामुदायिक वाटाघाटींचा हक्क मिळाला. वेतन, कामाचे तास आणि सेवेच्या इतर अटी या बाबतींत सरकारने संघटनांशी प्रामाणिकपणे बोलणी केली पाहिजेत असे हा कायदा सांगतो. मात्र त्याच कायद्यात एक पळवाटही आहे. एखादी सेवा हवी की नको आणि तिची रचना कशी असावी, हा विषय वाटाघाटींच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. आता माणसाने आठवड्यातले ४ दिवस कोठे घालवावे, ही सेवेची अट की सेवेची रचना? ज्याला रोज दोन-तीन तास रस्त्यावर घालवावे लागतात त्याच्या दृष्टीने ती तासांचीही अट आहे आणि पगाराचीही. संघटना याच मुद्द्यावर सरकारी नोकरांच्या संबंधांची देखरेख करणाऱ्या मंडळाकडे गेल्या. गाऱ्हाणे एकच होते, आमच्याशी न बोलता आमच्या कामाच्या अटी बदलल्या.

पुढे जे झाले ते आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी बारकाईने अभ्यासावे असे आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात संघटनांनी एकामागून एक करार केले. आधी अभियंत्यांच्या संघटनेने केला. मग सुमारे ९६ हजार कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या ‘सर्व्हिस एम्प्लॉइज इंटरनॅशनल युनियन’च्या लोकल १००० या शाखेने. करारात काय होते? पगारात ३ टक्के वाढ. त्याच वेळी पगारात ३ टक्के कपात आणि तिच्या बदल्यात महिन्याला ५ तासांची रजा. शिवाय कचेरीत ४ दिवस येण्याचा आदेश एका वर्षाने, म्हणजे १ जुलै २०२६ पर्यंत, पुढे ढकलायचा.

हा विजय म्हणायचा की पराभव? संघटनेच्या बाजूने म्हणता येईल की रस्त्यावर उतरून आणि कायद्याचा आधार घेऊन त्यांनी आदेश थोपवला, लोकांना वर्षभराची उसंत मिळवून दिली. हे लहान काम नव्हे. परंतु व्यवहाराचे दुसरे टोकही पाहा. सरकारने बोलणी न करता एक आदेश काढला. मग तोच आदेश बोलणीच्या टेबलावर ठेवून त्याची किंमत वसूल केली. मालकाने आधी कामगाराची वस्तू उचलायची आणि नंतर ती वर्षभर वापरू देण्याच्या मोबदल्यात त्याच्या वेतनावर हात ठेवायचा, असे हे झाले. एकतर्फी आदेशाला मोल मिळते हे एकदा मालकाच्या ध्यानी आले की पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी तो दुसरा आदेश काढील. आणि ज्या निम्म्याहून अधिक कर्मचाऱ्यांची आठवण ठेवा असे मी सुरुवातीला म्हटले, त्यांचे काय? परिचारिका आणि झाडूवाले कधी घरी बसलेच नव्हते. आदेश पुढे ढकलल्याने त्यांच्या पदरात काही पडले नाही. त्यांच्यापैकी जे अशा करारांखाली आले, त्यांच्या वेतनातील वाढ मात्र तशीच कपातीत जिरली. दुसऱ्याच्या सवलतीचा खर्च सफाई कामगाराने का सोसावा, असा प्रश्न कोणी विचारला तर संघटनेजवळ काय उत्तर आहे? श्रमिकांतील फूट मालक नेहमीच नव्याने निर्माण करतो असे नाही. पुष्कळदा आपण ती दुर्लक्षाने तयार ठेवतो आणि तो तिचा वापर करतो.

मित्रहो, आता मी आपल्या घरच्या अनुभवाकडे येतो. घरून काम हा शब्द आपल्याकडे इंटरनेटबरोबर आला नाही. सिन्नर, संगमनेर, सोलापूर, निपाणी येथील विडी कामगार स्त्रिया कित्येक पिढ्या घरी बसून विड्या वळत आल्या आहेत. त्याला घरखेप म्हणतात. पाने आणि तंबाखू घरी न्यायची, सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळायचे आणि संध्याकाळी माल पोचवायचा. तेथे चांगल्या विड्याही ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जात आणि त्यांची मजुरी बुडे. १९६६ साली विडी कामगारांच्या सेवाशर्तींचा केंद्रीय कायदा झाला तेव्हा मालकांनी काय केले? कारखान्यात कामगार ठेवला तर पाणी, पाळणाघर, रजा, कामाचे तास या सगळ्यांचे उत्तरदायित्व येते. म्हणून पुष्कळ ठिकाणी कारखाने मोडून बायांना घरी पाठवण्यात आले, म्हणजे ती मालकाची कामगारच नाही असे म्हणता यावे. घरी वळणारी बाईही कायद्याने कामगारच आहे, हे वदवून घेण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. १९७४ मध्ये तेथे तो कायदा वैध ठरला.

म्हणजे आपल्याकडे मालकाने कामगाराला घरी धाडले आणि कॅलिफोर्नियात मालकाने कामगाराला घरातून बाहेर बोलावले. दिशा उलट, पण रीत एकच. दोन्ही वेळा काम कोठे व्हावे हे मालकाने आपल्या सोयीने ठरवले आणि काम करणाऱ्याला विचारले नाही. माझ्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. घर पुरोगामी आणि कचेरी प्रतिगामी, असा सिद्धांत मांडणे पोरकटपणाचे होईल. घरात एकटा पडलेला कर्मचारी संघटनेपासूनही दूर जातो. त्याच्या यंत्रावर टेहळणीची साधने बसवणे मालकाला सोपे जाते. स्त्रीच्या बाबतीत तर एकाच वेळी दोन पाळ्या सुरू होतात, पडद्यावर एक आणि चुलीपाशी दुसरी. कचेरीच्या जिन्यात, उपाहारगृहात, दुपारच्या डब्याभोवती माणसे एकत्र येतात आणि तेथेच संघटनेचा जन्म होतो. हे सर्व मान्य करूनही, आपल्या जगण्यातील इतका मोठा बदल आपल्याला न विचारता कोणी करू नये, हा हक्क शिल्लक राहतो. तो हक्क घरापेक्षाही आणि कचेरीपेक्षाही मोठा आहे.

महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांनी तो हक्क मोठी किंमत देऊन कमावला. कॅलिफोर्नियात डिल्स कायदा झाला त्याच १९७७ च्या डिसेंबरात येथे महागाई भत्त्याच्या मागणीसाठी संप सुरू झाला आणि र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली तो ५४ दिवस चालला. कायद्याने त्यांना बोलणीचा अधिकार बहाल केलेला नव्हता. त्यांनी तो उपाशी राहून उभा केला. पुढे २००३ मध्ये तमिळनाडूतील संपाच्या प्रकरणात सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत अधिकार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तरीही मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी येथील कर्मचारी ७ दिवस संपावर गेले. आणि बोलणीने बदल कसा होतो याचे उदाहरणही आपल्यापाशी आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात ५ दिवसांचा आठवडा आला तो संघटनांच्या दीर्घ मागणीनंतर. त्यात रोजच्या कामाची वेळ ४५ मिनिटांनी वाढली. दिले काय आणि घेतले काय, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. याउलट त्यानंतर महिन्याच्या आत, महामारीत, कचेऱ्यांतील उपस्थिती ५ टक्क्यांवर आली आणि पुढे टप्प्याटप्प्याने पूर्ववत झाली. त्या अनुभवातून कोणते काम घरून होऊ शकते आणि कोणते नाही, याचा शोध मात्र आपल्याकडे ना सरकारने घेतला ना संघटनांनी.

तेव्हा हा प्रश्न उद्या आपल्या दारात आला तर भूमिका काय घ्यावी? माझ्या मते चार गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, कामाची जागा ही सेवेची अट आहे आणि ती वाटाघाटींशिवाय बदलता कामा नये, मग तो बदल घरी पाठवण्याचा असो वा परत बोलावण्याचा. दुसरी, खात्यांची पाहणी आधी आणि आदेश नंतर. ती पाहणी जनतेपुढे मांडली पाहिजे, कारण रिकाम्या इमारतीचे भाडे जनताच भरते. तिसरी, जेथे नागरिक येतो त्या खिडकीवर माणूस कायम राहील आणि कामाची कसोटी मुदत ही असेल, हे संघटनांनी स्वतः होऊन मान्य करावे. जनतेची बाजू सोडून मिळवलेली सवलत टिकत नाही. जनता संघटनेच्या विरोधात गेली की सरकारला आदेश काढायला धीर चढतो. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, ज्यांचे काम घरून होऊच शकत नाही अशा चतुर्थ श्रेणीच्या, रुग्णालयांतील, रस्त्यांवरील कर्मचाऱ्यांना त्याच करारात प्रवासभत्ता, पाळीची निवड, जादा रजा अशा रूपाने समतुल्य लाभ मिळाला पाहिजे. तो मिळत नसेल तर करारावर सही करू नये. कारकुनाच्या मागणीत शिपायाचा वाटा नसेल तर ती श्रमिकांची मागणी राहत नाही, एका थराची सोय होते.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. रोज सूर्य उगवण्याआधी गिरणीत शिरणाऱ्या माणसाने आपल्या आठवड्यातला एक दिवस आपला आहे असे पहिल्यांदा म्हटले. मालकांना तेव्हाही वाटले असेल की सुटीने कामाची शिस्त बिघडेल. आपला वेळ आणि आपले जगणे कसे बेतावे यात कामगाराचाही शब्द चालला पाहिजे, ही मागणी तेव्हापासूनची आहे. सॅक्रामेंटोतील कारकून आज तीच मागणी आपल्या भाषेत करतो आहे. सुरुवातीला मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. त्याची खुर्ची कोठे असावी याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. ती कोठे असावी हे ठरवताना त्यालाही टेबलाशी बसवले पाहिजे, आणि त्याच्या शेजारी झाडू घेऊन उभ्या असलेल्या बाईलाही. इतके झाले तर घर की कचेरी हा वाद शहाण्या माणसांना चार बैठकांत मिटवता येईल.